दामोदरकाठचा लिस्ट्रोसॉरस अंटार्क्टिकावर कसा?

वर्धाकाठ

वडील वणीजवळच्या कोळसा खाणीत कामाला होते. मी सहावीत असताना एकदा त्यांनी डब्याच्या पिशवीतून एक दगड आणला. करडा, चपटा, तळहाताएवढा, आणि त्यावर एक पान उमटलेलं. जिभेसारखं लांबट, मधोमध जाड शीर, दोन्ही बाजूंना बारीक शिरांची जाळी. आईला वाटलं कुणीतरी कोरलंय. वडील म्हणाले, असे कितीतरी निघतात, सगळे कोळशाबरोबर जातात. ते ग्लोसोप्टेरिस या लुप्त झाडाचं पान होतं हे मला कॉलेजात कळलं. तोवर घर बदलताना दगड हरवला होता. त्याची हळहळ अजून आहे.

परवा मुलीच्या पुस्तकात तो प्रसिद्ध नकाशा दिसला. दक्षिणेकडचे खंड एकमेकांना जोडलेले आणि त्यांच्यावरून चार रंगांचे पट्टे गेलेले. एक पट्टा माझ्या त्या पानाचा, बाकी तीन प्राण्यांचे. लिस्ट्रोसॉरसचा पट्टा आफ्रिका, भारत आणि अंटार्क्टिका असा पसरलेला. मुलीनं विचारलं, "बाबा, भारतात म्हणजे कुठे?" पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. शोधायला बसलो तर आठवडा त्यातच गेला. जे हाती लागलं ते इथे मांडतोय.

भारतात म्हणजे पश्चिम बंगालमध्ये, दामोदर नदीच्या खोऱ्यात. राणीगंजच्या कोळसापट्ट्याला लागून असलेले पंचेतचे थर. तिथल्या हाडांचं वर्णन टी. एच. हक्सली यांनी १८६५ साली छापलं. डार्विनच्या बाजूनं भर सभेत भांडलेले तेच हक्सली. त्यांनी या प्राण्याला 'डायसिनोडॉन ओरिएंटॅलिस' म्हटलं. आज ती हाडं लिस्ट्रोसॉरसची मानली जातात. खंड सरकतात हे आल्फ्रेड वेगेनर यांनी पहिल्यांदा मांडलं १९१२ मध्ये. म्हणजे पुरावा जवळजवळ अर्धं शतक आधी कपाटात येऊन पडला होता, प्रश्न नंतर आला.

प्राणी कसा होता? अंगानं साधारण डुकरासारखा, बुटका, पिंपासारखं धड, पाय आखूड. तोंडाला कासवासारखी चोच आणि वरच्या जबड्यातून खाली आलेले दोन सुळे. बाकी दात नाहीत. शाकाहारी. काळ सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वीचा, म्हणजे डायनासोर यायच्या आधीचा. 'सॉरस' हे शेपूट लागलं असलं तरी हा सरड्यांच्या कुळातला नाही, डायनासोर तर नाहीच. तो आपल्या, म्हणजे सस्तनांच्या, बाजूचा.

आता अंटार्क्टिका. १९६७ साली पीटर बॅरेट या भूवैज्ञानिकाला ग्रॅफाइट पीक नावाच्या जागी जबड्याचा एक तुकडा सापडला. न्यूयॉर्कच्या एडविन कोलबर्ट यांनी तो एका प्राचीन उभयचराचा असल्याचं ओळखलं. त्यामुळे १९६९ मध्ये मोहीम निघाली तेव्हा वयाच्या ६४ व्या वर्षी कोलबर्ट स्वतः तिकडे गेले. बर्डमोर हिमनदीच्या परिसरातल्या कोलसॅक ब्लफ या कड्यात हाडं मिळाली आणि डिसेंबरमध्ये त्यांतून लिस्ट्रोसॉरस ओळखू आला. दक्षिण आफ्रिकेतल्या कारूच्या माळावरचं ओळखीचं हाड बर्फाच्या खंडावर समोर आल्यावर त्या माणसाला काय वाटलं असेल!

नकाशा सगळ्यांनी पाहिलेला असतो. हाडं कुठली, कुणी वेचली, हे कुणी सांगत नाही. ज्यांना आणखी माहिती आहे त्यांनी लिहावं.

अनुजा

फार सुंदर लिहिलंय. दगडाचं वाचून वाईट वाटलं. वाचते आहे, पुढचंही येऊ द्या.

सातारी

लेख आवडला. एक शंका. हा प्राणी पोहत गेला नसेल कशावरून? किंवा मधे जमिनीची पट्टी असेल, नंतर बुडाली असेल. खंडच सरकले असं मानायची गरज काय? मी वाद घालायला म्हणून विचारत नाही, खरंच कळून घ्यायचंय.

वर्धाकाठ

सातारी, शंका अगदी रास्त आहे. मोठमोठ्या माणसांनी हेच मानलं होतं. 'गोंडवनलँड' हे नाव रूढ करणाऱ्या एडुआर्ट सुएस यांना हे सगळे भूभाग एकसंध होते असंच वाटत होतं, पण मधली जमीन समुद्रात बुडाली असा त्यांचा समज होता. त्यात अडचण अशी की खंडांचा खडक समुद्रतळाच्या खडकापेक्षा हलका असतो. लाकडाचा ओंडका पाण्यात तळाशी जाऊन बसत नाही, तसा खंडाएवढा तुकडा समुद्रतळात बुडून नाहीसा होत नाही.

पोहण्याचं म्हणाल तर एकटा लिस्ट्रोसॉरस असता तर वादाला जागा होती. पण अंटार्क्टिकावर त्याच्याबरोबर थ्रिनॅक्सोडॉन सापडला, मांजराएवढा, बिळात राहणारा. प्रोकोलोफॉन सापडला, सरड्यासारखा दिसणारा. हेच सगळे दक्षिण आफ्रिकेतल्या कारूमध्ये एकत्र सापडतात. एखादा प्राणी ओंडक्यावरून वाहत जाईल. सगळा गाव एकाच वेळी वाहत जाऊन पलीकडे पुन्हा तसाच वसत नाही.

जाता जाता, 'गोंडवन' हा शब्द आमच्या गोंडांचा. आधी तो मध्य भारतातल्या खडकांना दिला गेला आणि मग अख्ख्या महाखंडाला. चंद्रपूरचा परकोट गोंड राजांचा आहे. त्या भागातल्या माणसाला अंटार्क्टिकासुद्धा गोंडवनाचा तुकडा आहे हे सांगितलं की त्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

भूस्तर

चांगला धागा. एक दुरुस्ती सुचवतो. 'लिस्ट्रोसॉरसमुळे खंडवहन सिद्ध झालं' असं बरेच ठिकाणी लिहिलेलं असतं. तुम्ही तसं म्हटलेलं नाही, पण वाचणाऱ्याचा समज होऊ शकतो. १९६० च्या दशकात समुद्रतळाचा अभ्यास झाला, मध्य-सागरी पर्वतरांगांच्या दोन्ही बाजूंना चुंबकीय पट्टे आरशातल्यासारखे सारखे दिसले, म्हणजे तिथून तळ दोन्हीकडे पसरतोय हे कळलं, आणि बहुतेक भूवैज्ञानिकांचं मत तिथे फिरलं. कोलबर्ट यांचा शोध त्यानंतरचा. वेगेनर १९३० मध्ये ग्रीनलँडच्या बर्फात मरण पावले. दक्षिण आफ्रिकेच्या अलेक्झांडर दु तॉय यांनी १९३७ च्या पुस्तकात दोन्हीकडचे थर अन् जीवाश्म जुळवून दाखवले, तरी उत्तरेकडच्या विद्यापीठांत फारसं कुणी ऐकलं नाही. हाडं बोलत होती, पण खंड नेमके कशानं हलतात हे कुणाला सांगता येत नव्हतं. म्हणून विश्वास बसला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे लिस्ट्रोसॉरस चीनच्या शिनज्यांगमध्ये आणि रशियातही सापडतो. म्हणजे तो फक्त गोंडवनाचा नाही. त्या काळी उत्तर-दक्षिण सगळे भूभाग मिळून पँजिआ हा एकच महाखंड होता, मधे पूर्वेकडून टेथिस समुद्र आत घुसलेला. पायी चालत जाता येत होतं, पिढ्यान् पिढ्या.

वर्धाकाठ

भूस्तर, आभार. चुंबकीय पट्ट्यांचं मी लिहायला हवं होतं.

तो इतका पसरला कसा, हे मला सगळ्यात विलक्षण वाटतं. २५ कोटी २० लाख वर्षांच्या आसपास पृथ्वीवरचा सगळ्यात मोठा संहार झाला. सायबेरियात लाव्हा ओतला जात होता, हवेत कार्बन डायऑक्साइड भरला, समुद्रातल्या बहुतेक प्रजाती संपल्या. आपल्या सह्याद्रीचा लाव्हा ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा. तो अगदी वेगळा प्रसंग, गल्लत नको. त्या संहारानंतर कारूच्या थरांत जी हाडं मिळतात त्यांत बहुसंख्य लिस्ट्रोसॉरसची आहेत. बाकीचे गेले आणि हा उरला. तो नेमका का वाचला यावर अजून एकमत नाही.

अनुजा

म्हणजे हा आपला पूर्वज म्हणायचा का?

वर्धाकाठ

नाही, चुलत घराणं. याच्या गटाला डायसिनोडॉन्ट म्हणतात आणि त्यांचा वंश पुढे संपला. आपण आलो सायनोडॉन्ट गटातून. वर सांगितलेला थ्रिनॅक्सोडॉन त्यातला. नकाशातला सायनोग्नॅथसही त्यातलाच. तो दक्षिण आफ्रिका, अर्जेंटिना आणि अंटार्क्टिका इथे सापडतो. जुन्या पुस्तकांत या सगळ्यांना 'सस्तनसदृश सरीसृप' म्हणत. आता तो शब्द मागे पडलाय, कारण हे सरीसृप नव्हतेच. डोळ्यामागे कवटीला एकच भोक असलेली ही शाखा फार आधी वेगळी झाली. स्वतःच्या कानशिलावर बोटं ठेवून चावण्याची क्रिया करा. जो स्नायू हलतो तो त्याच भोकाच्या वारशात बसलेला आहे.

भिंगवाली

भूशास्त्रात एमएस्सी केलंय, त्यामुळे राहवत नाही. वर्धाकाठ, तुम्ही दामोदरपर्यंत गेलात, पण तुमच्या उंबऱ्याशी काय आहे ते सांगायचं राहिलं.

प्राणहिता-गोदावरीचं खोरं. गडचिरोलीच्या सिरोंच्यावरून नदी ओलांडली की तेलंगणातले कोटा, येर्रापल्ली, मालेरी हे थर. १९५० च्या दशकाच्या अखेरीस कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेनं इथे काम सुरू केलं. संख्याशास्त्राची संस्था हाडं का खणत होती? कारण संस्थेचे संस्थापक प्रशांतचंद्र महालनोबिस यांना सगळ्याच विज्ञानाची भूक होती. त्यांनी लंडनहून जीवाश्मतज्ज्ञ पामेला रॉबिन्सन यांना बोलावलं. पुढे त्या तुकडीनं बारापासॉरस हा प्रचंड डायनासोर काढला, तो सगळ्यांना माहीत असतो. पण त्याच खोऱ्यात सस्तनांच्या बाजूचे केवढे प्राणी आहेत बघा.

येर्रापल्लीच्या तांबड्या मातीत वाडियासॉरस. डायसिनोडॉन्ट, लिस्ट्रोसॉरसच्या नंतरचा आणि अंगानं बराच मोठा. भूवैज्ञानिक दाराशॉ वाडिया यांचं नाव त्याला दिलंय. त्याहून जुन्या कुंदारामच्या थरात एंडोथायोडॉन. त्याचे भाऊबंद आफ्रिकेत आणि थेट ब्राझीलमध्ये. इथल्या एका प्रजातीचं नाव महालनोबिसी. आणि माझा सगळ्यात लाडका, मालेरीचा एक्झेरेटोडॉन. हा सायनोडॉन्ट, म्हणजे आपल्या थेट बाजूचा. शाकाहारी, गालाचे दात रुंद. हाच वंश अर्जेंटिनातल्या इशिग्वालास्तोच्या उजाड खोऱ्यात आणि ब्राझीलमध्ये सापडतो. शंकर चॅटर्जी यांनी १९८२ मध्ये इथल्या प्रजातीला नाव दिलं एक्झेरेटोडॉन स्टॅटिस्टिसी. सांख्यिकी संस्थेच्या नावावरून. गोदावरीच्या खोऱ्यातला प्राणी, अर्जेंटिनातला भाऊ आणि कोलकात्याच्या संख्याशास्त्राचं नाव!

गुरुजी_जुन्नर

ताई, हे पोरांना सांगण्यासारखं आहे. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. खंडांचे पुठ्ठे कापून जुळवायला देतो. आता एका पुठ्ठ्यावर मालेरी लिहीन आणि दुसऱ्यावर इशिग्वालास्तो. अजून असेल तर लिहा, विशेषतः दख्खनच्या दगडातलं. पोरं विचारतात, "सर, आपल्या डोंगरात का नाही सापडत?"

सातारी

हाच प्रश्न माझाही. अजिंक्यताऱ्याच्या खडकात काही मिळेल का?

भिंगवाली

अजिंक्यताऱ्याचा खडक म्हणजे थिजलेला लाव्हा. त्यात हाड टिकायचं कसं? पण लाव्हा सलग वाहिला नाही. एक थर ओतला गेला, मग हजारो वर्षं शांतता. त्या काळात वर तळी साचली, झाडं आली, बेडूक आले. मग पुन्हा लाव्हा. दोन थरांमध्ये अडकलेल्या त्या तळ्यांच्या गाळाला आंतरट्रॅपी थर म्हणतात. मुंबईत वरळीच्या टेकडीत असा थर होता. त्यातल्या इवल्या बेडकांच्या सांगाड्यांचं वर्णन रिचर्ड ओवेन यांनी १८४७ साली केलंय. वरळीचे बेडूक! मुंबईकरांना हे ठाऊकच नसतं.

या थरांतून सस्तनांची हाडं मिळवणं म्हणजे चिकाटीची परीक्षा. मी एका क्षेत्रकामात हे स्वतः केलंय. पोती भरून गाळाचा दगड आणायचा, पाण्यात भिजत घालायचा, फुगून विरघळला की चाळण्यांतून धुवायचा, एकाखाली एक, खालची सगळ्यात बारीक. उरलेला चुरा वाळवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली ब्रशच्या टोकानं कण कण सरकवायचा. दिवसच्या दिवस माशांचे खवले, शिंपल्यांची टरफलं, मगरीच्या दाताचा तुकडा. मान आखडते, डोळे चुरचुरतात. सस्तनाचा दात मला मिळाला नाही. माझ्या शेजारी बसणाऱ्या मैत्रिणीला मिळाला आणि प्रयोगशाळेत त्या दिवशी कुणी जेवलं नाही.

असंच काम करून तेलंगणातल्या विकाराबादजवळच्या नस्कल गावातून जी. व्ही. आर. प्रसाद आणि अशोक साहनी यांनी १९८८ मध्ये भारतातला पहिला क्रेटेशस, म्हणजे डायनासोरांच्या शेवटच्या कालखंडातला, सस्तन जगासमोर आणला. दात जेमतेम दीड-दोन मिलिमीटरचे. नाव डेक्कनोलेस्टिस हिस्लोपी. डेक्कन म्हणजे आपलं दख्खन, आणि हिस्लोपी म्हणजे नागपूरचे स्टीफन हिस्लोप.

वर्धाकाठ

हिस्लोप कॉलेजवाले हिस्लोप! ताई, हे मला खरंच माहीत नव्हतं.

भिंगवाली

तेच. मिशनरी होते, नागपूर भागात फिरून जीवाश्म गोळा करायचे. तुमच्या वणीच्या बाजूच्या मांगली गावातून त्यांच्या संग्रहात एक कवटी आली. ओवेन यांनी १८५० च्या दशकात तिला ब्रॅकिऑप्स नाव दिलं. उभयचर आहे, सस्तनांचा नातलग नाही, पण गाव तुमच्याकडचं म्हणून सांगितलं.

आता खरा पेच. डेक्कनोलेस्टिस जगला तेव्हा भारत कुठे होता? मादागास्करपासून तुटून दोन कोटींहून जास्त वर्षं झाली होती आणि आशियाला धडकायला बराच अवकाश होता. म्हणजे समुद्रातून उत्तरेकडे निघालेलं बेट. या बेटावर दोन तऱ्हेचे सस्तन दिसतात. एक भारतथेरियम. उंच वाढणाऱ्या दातांचा, गोंडवनथेर गटातला. त्याचे नातलग मादागास्कर, अर्जेंटिना, अंटार्क्टिका इथे आहेत. तो नस्कलला, मध्य प्रदेशात किसलपुरीला आणि आपल्या सीमेलगत गोकाकला सापडला. हा वारसाहक्कानं आलेला म्हणता येईल, कारण गोंडवन फुटायच्या आधीपासूनचा त्याचा वंश. २००७ साली दोन तुकड्यांनी याच प्राण्याला दोन नावं दिली, भारतथेरियम आणि दक्षिणा. आधी छापलेलं नाव टिकतं हा नियम, म्हणून भारतथेरियम राहिलं.

डेक्कनोलेस्टिसचं मात्र तसं नाही. तो वार असलेल्या (प्लॅसेंटल) सस्तनांच्या मोठ्या शाखेतला, आणि त्याच्यासारखे दात आफ्रिकेत आणि युरोपात मिळतात, तेही नंतरच्या काळातले. मग बेटावर तो आला कुठून? बेटांच्या माळेवरून उड्या घेत उत्तरेशी ये-जा होती असं एक मत. वंश भारतातच वाढून बाहेर पसरला असं दुसरं. मी दुसऱ्याकडे थोडी झुकते. पण दोन मिलिमीटरच्या दातांवर याहून जास्त भार टाकायला माझं मन धजत नाही.

सॉल्टलेककर

धागा वाचून राहवलं नाही. मी गेली बारा वर्षं अमेरिकेतल्या यूटात राहते. इथे पूर्व यूटातल्या सीडर माउंटन थरांत एका डायनासोरच्या पायाच्या हाडांखाली एक चिमुकली कवटी मिळाली. २०१८ मध्ये तिला नाव दिलं सिफेलिओडॉन वाकारमूसुच. दुसरा शब्द इथल्या मूळच्या यूट लोकांच्या भाषेतला, 'पिवळी मांजर' असा अर्थ, कारण थराचं नाव यलो कॅट. वय सुमारे १३ कोटी वर्षं. प्राणी साधारण किलोभर वजनाचा, लहानसा.

महत्त्वाचं असं की त्याचा सगळ्यात जवळचा नातलग मोरोक्कोत आहे, हानोडॉन. तिकडे फक्त दात मिळाले होते आणि ते नेमके कुणाचे यावर वाद होता. कवटी मिळाल्यावर जोडणी झाली. शोधकर्त्यांचं म्हणणं असं की उत्तर आणि दक्षिणेकडच्या खंडांमधली ये-जा आपण समजत होतो त्यापेक्षा कोटी-दीड कोटी वर्षं उशिरापर्यंत चालू होती. भिंगवालीताईंच्या बेटाच्या प्रश्नालाही हे लागू पडावं, नाही का?

भिंगवाली

काही अंशी. नस्कलच्या भागातच अवशिष्टा नावाचा एक दात मिळालाय. तो सिफेलिओडॉनच्या दूरच्या कुळातला, हारामियिड गटातला, असण्याची शक्यता त्याच्या अभ्यासकांनी मांडली आहे. बाकी जगात तो गट संपल्यावर इथे उरलेला, म्हणून नाव अवशिष्टा. किती नेमकं नाव! पण एकच दात.

भूस्तर

एकच दात म्हटलात म्हणून सांगतो, कारण हे लपवून चालणार नाही. मध्य प्रदेशातल्या टिकी थरातून टिकिथेरियम नावाचा एक दात २००५ मध्ये वर्णन झाला. सुमारे २२ कोटी वर्षांपूर्वीचा, सस्तनांच्या अगदी उंबरठ्यावरचा, असं मानलं गेलं. कित्येक वंशवृक्षांत तो जाऊन बसला. २०२४ मध्ये रशियन संशोधकांनी तो पुन्हा तपासून मांडलं की हा चिचुंद्रीच्या कुळातल्या प्राण्याचा दात आहे, फार फार तर दोन-सव्वादोन कोटी वर्षांचा. वरच्या, नव्या मातीतून चुऱ्यात मिसळला असावा. ज्यांनी तो काढला त्यांच्या कष्टांबद्दल मला आदरच आहे. ताईंनी सांगितलेलं धुणं-चाळणं डोळ्यांपुढे आणा, एक कण सरकायला कितीसा वेळ लागतो?

भिंगवाली

वाचलं होतं. त्या रात्री झोप लागली नाही, खोटं नाही सांगत. आम्ही तो दात परीक्षेत लिहिला होता. पण तपासून चूक सापडणं हेही त्याच चाळणीतलं काम.

सातारी

एक विचारतो. फिरताना असं काही दिसलं तर काय करायचं?

वर्धाकाठ

उचलू नका, हे पहिलं. थरातून निघालेलं हाड कुठल्या थरातून आलं हे कळेनासं होतं, आणि वरचं टिकिथेरियम वाचलंतच. बाजूला नाणं किंवा पेन ठेवून फोटो काढा, जागेची नोंद करा आणि भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला किंवा जवळच्या विद्यापीठातल्या भूशास्त्र विभागाला कळवा. माझ्या वडिलांना हे सांगणारं तेव्हा कुणी नव्हतं. सिरोंचा तालुक्यात वडधमला जीवाश्म उद्यान आहे, मुलांना घेऊन जरूर जा.

गुरुजी_जुन्नर

काल पुठ्ठे केले. मालेरी आणि इशिग्वालास्तो जुळल्यावर वर्गात टाळ्या वाजल्या. पण एका मुलीनं मला अडवलं. म्हणाली, "सर, अंटार्क्टिकावर सहा महिने रात्र असते. मग तो डुकरासारखा प्राणी अंधारात खायचा काय?" मी उद्या सांगतो म्हणालो. मदत करा.

वर्धाकाठ

गुरुजी, त्या मुलीला माझा नमस्कार सांगा. याचं उत्तर सुळ्यांत आहे.

तेव्हा तिथे बर्फाचा थर नव्हता, झाडं होती, पण जागा ध्रुववृत्ताच्या आतलीच. त्यामुळे हिवाळ्यात अंधार असणारच. लिस्ट्रोसॉरसचे सुळे आयुष्यभर वाढत, आणि त्यांत झाडाच्या बुंध्यासारखी वर्तुळं पडत. २०२० मध्ये मेगन व्हिटनी आणि ख्रिश्चन सिडोर यांनी अंटार्क्टिकातले सुळे आडवे कापून दक्षिण आफ्रिकेतल्या सुळ्यांशी ताडून पाहिले. दोन्हींत वर्तुळं होती, पण अंटार्क्टिकातल्या सुळ्यांत अधूनमधून जाड, दाट पट्टे दिसले, वाढ थांबून पुन्हा सुरू झाल्यासारखे. आज शीतनिद्रा घेणाऱ्या प्राण्यांच्या दातांत असेच पट्टे दिसतात. म्हणजे अंधारात तो बहुधा खातच नव्हता. शरीराचा वेग मंद करून पडून राहायचा आणि उजाडलं की चोचीनं पाला ओरबाडायला बाहेर पडायचा.

वर्गात दाखवायला सुळा कुठून आणणार? वखारीतून ओंडक्याची एक आडवी चकती आणा. जिथे वर्तुळं दाटीनं आलीत तिथे तिला बोट ठेवायला सांगा.